गिनेस पिऊन आलेले लोक

आयर्लंडला जाऊन आलेल्या मराठी माणसाला 'तिथली बिअर कशी होती हो?' असं एकदा विचारून बघा. तो आधी बायकोकडे बघतो, मग दाराकडे बघतो आणि मग दोन शब्दांत निकाल देऊन मोकळा होतो. 'कडू होती.' झालं! ज्या पेयापायी एका अख्ख्या देशानं अडीचशे वर्षं घालवली, तिथल्या निम्म्या लेखकांनी आपली यकृतं घालवली, त्याचा निकाल आमच्या माणसानं चपला काढता काढता लावून टाकला. आणि पुरावा काय? तर टूरच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकरा वाजता, कारखान्याच्या सातव्या मजल्यावर, तिकिटात 'फुकट' मिळालेल्या ग्लासातले वरचे अडीच घोट.

या मंडळींशी माझं भांडण आहे. ते प्यायले म्हणून नाही. ते अर्धवट प्यायले, भलत्या ठिकाणी प्यायले आणि वर परत येऊन तज्ज्ञ झाले, म्हणून.

माझे साडू या पंथाचे अध्वर्यू. डब्लिनच्या त्या कारखान्यात पाहुण्यांना नळाखाली ग्लास धरायला शिकवतात आणि धरता आला की प्रमाणपत्र देतात. ते प्रमाणपत्र साडूंनी फ्रेम करून मुलाच्या एम. एस.च्या पदवीशेजारी लावलं आहे. (मुलाला पदवीसाठी दोन वर्षं लागली, वडिलांना पंधरा मिनिटं. फ्रेम मात्र वडिलांची मोठी.) शेजारी फोटो आहे. त्यात साडूंच्या मिशीवर फेसाची दुसरी मिशी आहे आणि हातातल्या ग्लासात पाऊण ग्लास बिअर तशीच आहे. मी विचारलं, "मग उरलेली कुणी संपवली?"

"संपवतोय कशाला? दोन वाजता बस होती. शिवाय कडू हो. आणि कोमट. आणि काळी."

हे तीन आरोप मी इतक्या दिवाणखान्यांत ऐकले आहेत, की आता एकदा त्यांची तड लावलीच पाहिजे.

पहिला आरोप कडूपणाचा. आणि तो कुणी करावा? गुढीपाडव्याला सकाळी उठून कडुनिंबाचा पाला चावणाऱ्यांनी? मेथीचे लाडू बाळंतिणीच्या नावानं करून स्वतः खाणाऱ्यांनी? कारल्याच्या काचऱ्यांसाठी सासुरवाडीला मुक्काम वाढवणाऱ्यांनी? स्टाउटमध्ये, म्हणजे या काळ्या बिअरमध्ये, सातू कॉफीच्या बियांसारखा काळाकुट्ट होईपर्यंत भाजून घालतात. त्याची चव कडू नसते, खरपूस असते. चुलीवरच्या भाकरीचा एखादा पापुद्रा थोडा करपलेला असतो आणि आपण तो पोरांच्या नकळत आधी तोडून खातो, ती चव. ज्याला तो पापुद्रा आवडतो त्याला स्टाउट आवडलीच पाहिजे. नाही आवडली तर दोष सातूचा नाही, आपल्या शिक्षणाचा आहे.

आणि आमचं हे शिक्षण झालं कुठे? परमिट रूममध्ये! १९४९च्या दारूबंदी कायद्यापासून आपल्याकडे पिणाऱ्याला परवाना लागतो. तो 'आरोग्य टिकवण्यासाठी' म्हणून दिला जातो, आणि तो खिशात बाळगून बसलेला आरोग्यवान माणूस मी अजून तरी पाहिलेला नाही. त्या खोलीत उजेड इतकाच, की वेटरला बिल दिसावं आणि शेजारच्या टेबलावरच्या काकांना आपण दिसू नये. कोपऱ्यात काचेच्या पेटीत दोन उदास मासे. तिथे साडेसहाशे मिलिलिटरची बाटली येते ती बर्फात इतकी मुरवलेली, की पहिल्या घोटाला जीभ बधिर व्हावी. बिअरला चव असते हे कुणाला कळू नये याचा तो संपूर्ण बंदोबस्त असतो. त्यात आमची मागणी 'स्ट्राँग' अशी. म्हणजे चव नको, परिणाम हवा. तीस वर्षं अशी साधना केलेल्या माणसाला सव्वाचार टक्क्यांची, सावकाश प्यायची बिअर दिली, की तो बावचळतो. त्याला ती कोमट लागते. ती असते सहासात अंशांवर. आमच्या घरच्या फ्रिजमधलं पाणीही याहून फारसं गार नसतं. पण गार म्हणजे दात शिवशिवले पाहिजेत, ही आमची व्याख्या.

राहिला रंग. रंगाबद्दलची आपली मतं वधूवरसूचक मंडळांत तयार झालेली असल्यामुळे त्यावर मी फार बोलत नाही. एवढंच सांगतो, की पुढच्या वेळी ग्लास दिव्यासमोर धरून बघा. ती काळी नसतेच. गडद माणकासारखी लाल असते. पण त्यासाठी ग्लास मिशीपासून थोडा लांब धरावा लागतो.

आता कुणाला वाटेल, हा गिनेस कंपनीचा वकील दिसतो. छे! माझी तक्रार तर पुढेच आहे. पण आधी त्या कंपनीचं श्रेय तिला दिलं पाहिजे. १७५९ साली आर्थर गिनेस नावाच्या गृहस्थानं डब्लिनच्या सेंट जेम्सेस गेटपाशी बंद पडलेला कारखाना भाड्यानं घेतला. भाडं वर्षाला ४५ पौंड, आणि करार किती वर्षांचा? ९००० वर्षांचा! आमच्याकडे अकरा महिन्यांचा करार करतानाही घरमालकाचा हात थरथरतो. (पुढे कंपनीनं ती जागा विकतच घेतली, त्यामुळे उरलेल्या साडेआठ हजारांवर वर्षांच्या भाड्याचा प्रश्न मिटला.) या कारखान्यानं पदरी नुसते कलाल ठेवले नाहीत, गणिती ठेवले. विल्यम गॉसेट हा त्यातलाच. १९०८ साली त्यानं 'स्टुडंट' या टोपणनावानं एक निबंध छापला आणि तेव्हापासून संख्याशास्त्राच्या परीक्षेत 'स्टुडंट्स टी टेस्ट' नावाचा प्रश्न पोरांना छळतो आहे. थोड्याशा नमुन्यावरून सगळ्या ढिगाबद्दल किती खात्रीनं बोलावं, हा त्याचा विषय. अडीच घोटांवरून निकाल देणाऱ्या साडूंना हे मी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "टी म्हणजे चहा ना?"

पुढे १९५९मध्ये मायकेल अॅश या दुसऱ्या गणित्यानं नळातून येणाऱ्या गिनेसमध्ये नायट्रोजन मिसळायची युक्ती बसवली. त्यामुळे सोडावॉटरसारखे टोचणारे बुडबुडे जाऊन सायीसारखा दाट फेस आला. म्हणून तर ती दोन हप्त्यांत भरायची. ग्लास तिरका धरून पाऊण भरायचा, बाजूला ठेवायचा, आत ढगांसारखी उलथापालथ होऊन खाली काळं आणि वर पांढरं असं वेगळं झालं, की मग उरलेला भरायचा. जवळजवळ दोन मिनिटं लागतात. त्या वेळात कडेचे बुडबुडे वर जायचे सोडून खाली जाताना दिसतात. ते खरोखरच खाली जातात. लिमरिक विद्यापीठातल्या गणित्यांनी २०१२ साली त्याचं कारण ग्लासाच्या आकारात शोधून काढलं. मला विचाराल तर डब्लिनमध्ये पाहण्यासारखं जे काही आहे, त्यात ही दोन मिनिटं फार वरच्या नंबराची आहेत. आणि आमचा माणूस तेव्हा काय करतो? तो कोपरानं बायकोला ढोसून म्हणतो, "बघ, अर्धवट भरून ठेवला नि गेला! इथेही मापात मारतात."

तर गिनेसशी माझं वैर नाही. वैर आहे ते दोन गोष्टींशी.

पहिली म्हणजे जागा. बिअर ही देवदर्शनासारखी रांगेत उभं राहून घ्यायची गोष्ट नव्हे. तो सात मजली देखावा २०००मध्ये पाहुण्यांसाठी उघडला. इमारत जुनी आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, आणि वरून सगळं डब्लिन दिसतं, हे कबूल. पण डब्लिन वरून दिसून काय करायचंय? पब तर खाली आहेत! दुसरी रांग असते टेम्पल बारमध्ये. इथे आमच्यातले काही भाविक नावावरूनच चकतात. टेम्पल बार म्हणजे देऊळही नाही आणि मूळचा बारही नाही. तो नदीकाठचा एक मोहल्ला आहे आणि सतराव्या शतकात तिथे राहणाऱ्या टेम्पल नावाच्या घराण्यावरून त्याला नाव पडलं असं सांगतात. आज तिथे दुपारपासून गिटारवाले एकच आठ गाणी म्हणत असतात, आणि इतर ठिकाणी सहा-साडेसहा युरोला मिळणाऱ्या पाइंटला दहाच्या आसपास मोजावे लागतात. पंढरपुरात देवळासमोरच्या दुकानात जो भाव बुक्क्याला, तोच न्याय.

त्यापेक्षा ग्लासनेव्हिनला जा. शहराच्या उत्तरेला मोठी दफनभूमी आहे. तिच्या भिंतीला लागून कॅव्हानाचा पब आहे, १८३३पासूनचा, एकाच घराण्याकडे चालत आलेला. त्याला सगळे 'ग्रेव्हडिगर्स' म्हणतात, कारण कबरी खणणारे मजूर म्हणे फावड्यानं भिंतीवर टकटक करून पलीकडून पाइंट मागवायचे. आत गाणं नाही, टीव्ही नाही. लाकडी बाकं आणि हलक्या आवाजात चाललेलं बोलणं. प्रेताला पोचवून आलेली माणसं तिथे बसलेली असतात आणि कुणी कुणाचं सांत्वन करत नाही. शेजारी एक पाइंट आणून ठेवतात. तिथे बसून प्यायलेल्या गिनेसला माझ्या साडूंनी कडू म्हणून दाखवावं. किंवा पूलबेग स्ट्रीटवरच्या मलिगन्समध्ये म्हणून दाखवावं. ती बिअर तीच, पिंपही तेच. पण पुरणपोळी आजीच्या ओट्याशी बसून खाणं आणि विमानात ट्रेमधून खाणं यात काही फरक आहे की नाही?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. 'आयरिश बिअर म्हणजे गिनेस' हे समीकरण. आंबा म्हणजे हापूस असं म्हणून म्हणून आपण काय केलं, ते आठवा. माझ्या आजोळी परसात रायवळचे सात आंबे होते आणि सातांना सात नावं होती. एक शेपूसारखा वास मारायचा म्हणून शेपवा, एक लोणच्याचा, एक फक्त चोखायचा. पाहुणे यायचे आणि विचारायचे, "हापूस नाही का?" दर वर्षी विचारायचे. शेवटी मामांनी झाडं तोडून कलमं लावली. पाहुण्यांनी कुऱ्हाड हातात घेतली नव्हती, हे खरं आहे.

आयर्लंडात दुसरं काय घडलं? कॉर्क हे तिथलं दुसरं शहर. त्या गावाच्या दोन काळ्या बिअरी. एक बीमिश, विल्यम बीमिश आणि विल्यम क्रॉफर्ड यांनी १७९२मध्ये साउथ मेन स्ट्रीटवर सुरू केलेली. दुसरी मर्फीज, १८५६ची, नदीपलीकडच्या लेडीज वेलची. गावातली घराणी 'बीमिशवाली' किंवा 'मर्फीवाली' असायची. आपल्याकडे अमृततुल्याचा एकच ठेला धरून राहणारी माणसं असतात तशी. गिनेस मागणारा म्हणजे डब्लिनचा पाहुणा. मर्फीज १९८३मध्ये हाइनकेन या डच कंपनीकडे गेली. मग २००८मध्ये बीमिशही त्यांनीच घेतली आणि २००९मध्ये बीमिशचा कारखाना बंद केला. २१७ वर्षांचा. मागे उरली रस्त्याच्या तोंडाशी असलेली जुनी कचेरी आणि मोकळी जागा. त्या जागेवर मोठं सभागृह बांधायचं ठरलं, २०१६मध्ये समारंभपूर्वक कुदळ मारली गेली आणि पुढची कित्येक वर्षं ती नुसती मारलेलीच राहिली. हे ऐकल्यावर मला कॉर्क एकदम आपलं वाटायला लागलं.

किल्केनीचं तेच. तिथे जुन्या मठाशेजारी १७१० सालापासून स्मिडिक्स नावाची तांबूस एल व्हायची. (लिहिताना त्यात एक डब्ल्यू असतो, तो उच्चारायचा नाही. उच्चारलात तर बारमागचा माणूस काही बोलत नाही, पण त्याला कळतं.) १९६५मध्ये ती गिनेसनं घेतली, २०१३मध्ये कारखान्याला कुलूप लागलं आणि पुढच्याच वर्षी त्या जागेत पाहुण्यांसाठी तिकीट लावून दर्शन सुरू झालं. म्हणजे बिअर होते डब्लिनला आणि इतिहास दाखवतात किल्केनीला.

डब्लिनमध्ये कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करणारा माझा एक भाचा आहे. त्याच्यापुढे मी हे सगळं तावातावानं मांडलं, तेव्हा त्यानं शांतपणे माझी दांडी उडवायचा प्रयत्न केला. म्हणाला, "मामा, तुम्ही गिनेस सोडून बीमिश मागता म्हणजे कुणाचं भलं करता? बीमिश हाइनकेनची आणि ती आता होते मर्फीजच्याच कारखान्यात. स्मिडिक्स गिनेसवाल्यांचीच. आणि गिनेसचे मालक तरी कुठे आयरिश आहेत? १९९७पासून ती लंडनच्या डिआजिओची. तुम्ही फक्त लेबलं बदलताय."

पोरगं हुशार आहे (आमच्या बाजूचं आहे), आणि त्याचा मुद्दा बिनतोड वाटतो. पण बिनतोड नाही. वाडा पडला, बिल्डरकडे गेला, हे मान्य. तरी आजीचा काळा मसाला धाकट्या काकूच्या फ्लॅटमधल्या ओट्यावर अजून होतोय ना? काकू तो का करते? दर मे महिन्यात चार भाचेपुतणे पुडी मागायला येतात म्हणून. ज्या वर्षी कुणी मागणार नाही, त्या वर्षी काकूही बाजारातलं पाकीट आणणार, आणि तिला बोल लावायचा हक्क कुणाला नाही. कंपनीला इतिहास वाचता येत नसला तरी खप वाचता येतो. कॉर्कच्या पबमधला बीमिशचा नळ किती वेळा खाली ओढला गेला, एवढंच तिच्या वहीत लिहिलेलं असतं. तिथल्या म्हाताऱ्यांनी आपला वाटा ओढला. आता रोज बसा भरभरून पाहुणे येतात आणि सगळे गिनेसचा नळ ओढायला सांगतात. गिनेस शंभरावर देशांत मिळते हो! दुबईच्या विमानतळावर मिळते. बीमिश शोधायला कॉर्कलाच जावं लागतं, आणि हा माणूस कॉर्कमध्ये उभा राहून दुबईत मिळणारी वस्तू मागतो.

शिवाय चवीचा फरक आहे, तो लेबलाचा नाही. मर्फीज जरा मवाळ, शेवटाला किंचित गोडसर. ज्यांना स्टाउटची भीती वाटते त्यांनी इथून सुरुवात करावी. बीमिश जास्त खरपूस, घशाशी कोको भाजल्यासारखी. स्मिडिक्स तर काळी नाहीच, तांबडी आहे, आणि आपल्या 'कडू' मंडळींनी तिच्याबद्दल तक्रार केली तर त्यांनी पुढे पन्हंच प्यावं.

आणि कुणाच्याच वहीत नसलेल्याही आहेत. कार्लो गावात १९९६मध्ये ओहारा बंधूंनी छोटा कारखाना काढला, सगळे वेड्यात काढत असताना. त्यांच्या स्टाउटला २०००मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं. त्यांचीच 'लान फॉलॉन' नावाची सहा टक्क्यांची जाड स्टाउट आहे, नावाचा अर्थ 'पौष्टिक'. आरोग्य टिकवण्याच्या परवान्यावर प्यायला याहून योग्य वस्तू मिळणार नाही. त्याच १९९६मध्ये डब्लिनला पोर्टरहाउस नावाच्या पबनं स्वतःची बिअर करायला सुरुवात केली. पोर्टर म्हणजे हमाल. लंडनच्या हमालांची आवडती म्हणून पोर्टर, आणि त्यातली दणकट ती 'स्टाउट' पोर्टर. आयर्लंडात साध्या पोर्टरला नुसतं 'प्लेन' म्हणत. गिनेसनं १९७०च्या दशकात ती करायची बंद केली. या पबवाल्यांनी पुन्हा केली. त्यांनी खरे कालवे घालूनही एक स्टाउट काढली, तेव्हा शाकाहाऱ्यांनी नाव नीट वाचून मागावं.

शाकाहारावरून आठवलं. बिअर नितळ करण्यासाठी माशाच्या पोटातल्या पिशवीपासून काढलेला एक पदार्थ वापरायची जुनी पद्धत आहे. गिनेसमध्येही तो वापरत, आणि 'आम्ही अंडंसुद्धा खात नाही बरं का' असं सांगणारे आपले कित्येक लोक वर्षानुवर्षं ती निर्धास्त पीत होते. २०१५मध्ये कंपनीनं तो बंद करायचं जाहीर केलं आणि पुढे केलाही. आता तेवढी काळजी नाही. उपासाला चालते का, असं मात्र विचारू नये. सातू उपासाला चालत नाही.

हे सगळं वाचून एक वेगळाच पंथ खूश होईल आणि वही काढेल. त्यांनाही मला चार शब्द सुनवायचे आहेत. हे यादीवाले. भाच्याकडे असे पाहुणे येतात, दहा बिअरींची यादी घेऊन, शेजारी टिचक्या मारायला चौकोन काढलेले. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. एका संध्याकाळी सहा चौकोन भरतात आणि दुसऱ्या दिवशी मोहरचे जगप्रसिद्ध कडे बसच्या खिडकीला कपाळ टेकवून, डोळे मिटून बघतात. अहो, तिथे अर्धा पाइंट मिळतो! त्याला 'ग्लास' म्हणतात. नुसतं 'अ ग्लास ऑफ बीमिश' म्हटलं, की मिळतो. संध्याकाळी एक पाइंट आणि एक ग्लास. चार दिवस डब्लिनला आणि दोन दिवस कॉर्कला असलात, तर घाई न करता सगळं होतं. कॉर्कची गाडी ह्यूस्टन स्टेशनावरून सुटते, अडीच तासांत पोचवते. ते स्टेशन गिनेसच्या कारखान्याजवळच आहे, त्यामुळे भाजलेल्या सातूचा वास तिकिटाशिवाय मिळतो. वरच्या मजल्यावर जायचं कारणच उरत नाही.

आणि प्यायचीच नसेल तर पिऊ नका, पण बसा. आयर्लंड म्हणजे सगळे झिंगलेले, ही आपली एक अडाणी समजूत. कॉर्कच्या मुख्य रस्त्यावर ज्याचा पुतळा आहे तो कुणा बिअरवाल्याचा नाही, फादर मॅथ्यू या धर्मगुरूचा आहे. १८३८पासून त्यानं लाखो लोकांना दारू सोडायची शपथ दिली. पुढे १८९८मध्ये 'पायोनियर' मंडळी निघाली. न पिणारे कोटावर छोटी पिन लावतात. ती आपल्याकडच्या तुळशीच्या माळेसारखी. पबमध्ये पिनवाला मनुष्य लिंबूपाणी घेऊन रात्रभर गप्पा मारतो आणि त्याला कुणी 'अरे घे रे, एकानं काय होतंय' म्हणत नाही. माळकऱ्याला आग्रह करकरून बाटवण्यात पुरुषार्थ मानणाऱ्या आमच्या गच्चीवरच्या पार्ट्यांनी हे बघून यावं. ड्राय डेचा कंटाळा आलेल्यांसाठी आणखी एक माहिती: १९२७च्या कायद्यानं तिथे गुड फ्रायडेला सगळे पब बंद असत, ते २०१८मध्ये उघडले. नव्वद वर्षं त्यांनीही आदल्या दिवशी धावपळ केलेली आहे.

शेवटी राउंडचं. आपली अब्रू सगळ्यात जास्त इथे जाते, म्हणून सांगतो. चौघं बसले की प्रत्येकानं आळीपाळीनं उठून चौघांचं आणायचं. 'आपण आपापलं काढू' हे वाक्य तिथल्या कुठल्याच भाषेत नाही. आमचा माणूस पहिल्या तीन राउंडांना 'थँक यू, थँक यू' म्हणत बसतो आणि चौथ्याला त्याला नेमका भारतातून फोन येतो. तिकडे तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात, हे त्या आयरिश लोकांना माहीत असतं. त्यांच्यातले निम्मे आपल्याच लोकांबरोबर कंपन्यांत काम करतात! ते काही म्हणत नाहीत. पण हे आपल्या हॉटेलातल्या 'अहो नाही, बिल मी देणार' या ओढाताणीहून कितीतरी सोपं आहे. ज्याला खरंच एकच ग्लास प्यायचा आहे, त्यानं सुरुवातीलाच 'मी राउंडमध्ये नाही' असं सांगावं. चालतं. सांगितलं नसेल, तर उठावं.

चकण्याची अपेक्षा ठेवू नका. शेंगदाणे, फार तर भाजलेलं सँडविच, आणि टेटोचे बटाटा वेफर्स. चीज आणि कांद्याच्या चवीचे वेफर्स जगाला या टेटोवाल्यांनी १९५४मध्ये दिले, आणि स्टाउटबरोबर ते चांगले लागतात. पण पोह्यांचा चिवडा त्याहून चांगला लागतो, हे मी कॉर्कच्या एका पबमध्ये पर्समधली पुडी काढून सिद्ध केलं आहे. फक्त ती मांडीवर धरून एकट्यानं बुचकायची नाही. तिथली माणसं वेफर्सची पिशवी बाजूनं उभी फाडून, पान वाढल्यासारखी टेबलाच्या मध्यावर पसरून ठेवतात. तशी फाडायची. शेजारचा म्हातारा खोबऱ्याचा काप बोटात धरून हे काय आहे म्हणून विचारतो, कढीपत्ता बाजूला काढतो आणि मग उठून, न विचारता, तुमच्यासाठी बीमिश आणायला जातो.